हेतूम सरांचं चूलबंद

लोटन सर शिरपूरकडचे. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात हायस्कूलला इतिहास शिकवायला आले आणि इथलेच होऊन राहिले. म्हणजे त्यांना तसं वाटत होतं. गावात त्यांचं ना भाऊबंद, ना सोयरं. बायको यशोदाबाई कावीळ होऊन लवकर गेली. मागे राहिली एक मुलगी, इंदू.

धुळ्याच्या एका रद्दीवाल्याकडे सरांना कधीतरी एक जुनं पुस्तक सापडलं आणि त्यातून त्यांच्या डोक्यात हेथुम राजा शिरला तो कायमचा. अभ्यासक्रमात त्याचा पत्ता नाही, परीक्षेत त्याला एक मार्क नाही. पण तास मोकळा मिळाला की सर सुरू. आर्मेनियाचा राजा, सातशे वर्षांपूर्वीचा. राज्य टीचभर. एका अंगाला तुर्कांचा सुलतान, दुसऱ्या अंगाला इजिप्तचे मामलूक, आणि पूर्वेकडून मंगोल येतायत ते गावंच्या गावं जाळत. मग हेथुमने काय केलं? वेष पालटून तो सुलतानाच्या मुलखातून निघाला, थेट मंगोलांच्या राजधानीत गेला आणि खानापुढे आपण होऊन उभा राहिला. खानाकडून अभयपत्र घेऊन परत आला.

"राज्य राखायचं तर माणसानं आपल्या पायांनी दुसऱ्याच्या दारात जावं," सर म्हणत आणि खडू ठेवून देत. गोष्ट तिथे संपे. पोरांनी हेथुमचा हेतूम केला आणि सरांचे झाले हेतूम सर. मोठी माणसं त्यावर कोटी करायची, "सरना हेतू काय शे, ते तर कळू द्या."

सरांचा हेतू साधा होता हो. गावात दोन गट. वरच्या गल्लीत गिरधर आबा, खालच्या गल्लीत सुकदेव नाना. पोळ्याला वेशीतून आधी कुणाचा बैल काढायचा यावरून कधीकाळी बिनसलं, ते पुढे सोसायटीत गेलं, दूध डेअरीत गेलं, पार मयतीपर्यंत गेलं. वरच्या गल्लीचा माणूस खालच्या गल्लीत पाणीसुद्धा पीत नसे. सर मात्र दोन्हीकडे जायचे. थंडीत आबांच्या मळ्यात भरीत पार्टी झाली की तिथे जेवायचे आणि त्याच आठवड्यात नानांच्या मळ्यातही पोट फुटेस्तोवर भरीत खायचे. इकडचा निरोप तिकडे नेताना त्यातलं विष काढून न्यायचे. बांधावरची दोन भांडणं त्यांनी कोर्टात जाण्याआधी मिटवली. गावाने त्यांचे पाय धुऊन प्यायला हवे होते. पण गाव ते गावच. सर वरच्या गल्लीतून उठले की आबा म्हणायचे, "चांगला माणूस, पन तो तिकडना शे." खालच्या गल्लीतून उठले की नानाही तेच म्हणायचे. तिकडना म्हणजे तिकडचा. शब्द एकच, फक्त बोट दाखवायची दिशा उलटी. सरांना हे माहीत नव्हतं असं नाही, पण त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

इंदूचं लग्न ठरलं तेव्हा सरांच्या मनात एकच गोष्ट होती. आपल्या मांडवात दोन्ही गल्ल्या एका पंगतीला बसल्या पाहिजेत. ते एवढं मागत होते, जास्त नाही. शाळेच्या पटांगणात मांडव, वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी, आणि आबांच्या शेजारी नाना. ते झालं की आपण या गावाचे झालो, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

मांडवाच्या आधी इंदूने विचारलं, "आप्पा, तुम्ही हेथुमची पुढची गोष्ट वर्गात का सांगत नाही?"

"पुढची कुठली?"

"राजा मदत मागायला मंगोलांकडे गेला आणि मागे मामलूक आले, ती. एक मुलगा मारला, एक धरून नेला. मी वाचलंय ते पुस्तक."

"धरून नेलेला सोडवून आणला की त्यानं," सर म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

आता चूलबंद म्हणजे काय ते ऐका. आमच्याकडे आमंत्रण दोन तऱ्हेचं. घरटी एका माणसाचं, नाहीतर चूलबंद. चूलबंद दिलं की त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी मांडवात जेवायचं. सरांनी साऱ्या गावाला चूलबंद द्यायचं ठरवलं. पण आधी कुणाला? आधी आबांकडे गेलं तर नाना रुसणार, नानांकडे गेलं तर आबा. सरांनी फार विचार केला आणि एका वेळी दोन्हीकडे आमंत्रण जाईल अशी तोड काढली. वरच्या गल्लीत ते स्वतः गेले आणि त्याच घटकेला खालच्या गल्लीत निंबा न्हाव्याला पाठवलं.

नाना म्हणाले, "वर सोता ग्यात आनि आमनाकडे न्हावी धाडा."

सरांच्या कानावर आलं तसे ते दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या ओट्यावर हजर. हात जोडले, पुन्हा चूलबंद दिलं. नाना हसले, चहा पाजला. ती बातमी चहा संपायच्या आत वर पोचली. आबा म्हणाले, "तिकडे दोनदा आमंत्रन गये. आपलं एकदा." झालं. आता आबांकडे दुसऱ्यांदा जावं, तर नाना मोजतच बसलेले. सर मुकाट घरी बसले. मंगोलांना समजावणं सोपं असेल, पण खानदेशातला रुसवा काढणं म्हणजे वाळूतून तेल काढणं.

लग्नाच्या दिवशी चोपड्याचं वऱ्हाड वेळेवर आलं. अक्षता पडल्या. पंगतीची वेळ झाली. आचाऱ्याने बट्ट्या तळून परातींत रचल्या, निंबाने पत्रावळी मांडल्या. सर मांडवाच्या तोंडाशी उभे राहून गावाकडे बघत होते. वरच्या गल्लीवर धूर दिसला. आबांच्या घरातून निघत होता. थोड्या वेळाने खालीही धूर दिसू लागला. मग एकेका घरातून. साऱ्या गावाच्या चुली पेटल्या होत्या. वरच्यांना वाटलं खालचे जाणार, खालच्यांना वाटलं वरचे जाणार, आणि सर तर काय, तिकडचेच.

वऱ्हाड जेवलं. शाळेतले मास्तर जेवले. बाकीच्या पत्रावळी निंबाने परत गोळा केल्या. इंदू निघताना बापाच्या गळ्यात पडली, रडली, आणि कानाशी म्हणाली, "आप्पा, चला माझ्याबरोबर." सर म्हणाले, "वेडी का गं, गाव काय म्हणेल." तिला वाईट वाटू नये म्हणून ते हसलेही. घरी येऊन मात्र भिंतीला टेकून पोटभर रडले.

पुढे शाळेला सुट्टी लागली. सरांना हिवताप भरला. अंथरुणातून उठून चूल पेटवण्याचं बळ राहिलं नाही. पडल्या पडल्या त्यांना हेथुमचा शेवट आठवायचा. मुलगा घरी आल्यावर राजाने राज्य त्याच्या हवाली केलं आणि मठात जाऊन साधू झाला. तिथे त्याला जेवण कोण देत असेल, असा काहीतरी विचार तापात येई.

सरांच्या घरातून धूर निघत नाही हे वरच्या गल्लीने पाहिलं. खालच्या गल्लीनेही पाहिलं. गावात असल्या गोष्टी लपत नाहीत. आबांच्या घरी विषय निघाला, नानांच्या घरीही निघाला, आणि दोन्हीकडे त्याच जुन्या वाक्यावर मिटला, तो तिकडना शे.

शेवटी शेजारची धुरपदाबाई आली. म्हातारी एकटी, दोन्ही गटांत तिला कुणी मोजत नसे. तिने दार ढकललं, सरांच्या कपाळाला हात लावला, पाणी पाजलं आणि थंड चुलीकडे बघत उभी राहिली.

"सर, माले वाटे, तुमले तिकडथून डबा येस."

"तिकडथून म्हंजे कोठून, अक्का?"

धुरपदाबाईने वरच्या गल्लीकडे हात केला. मग खालच्या गल्लीकडे केला. मग हात खाली घेतला आणि चुलीपुढे बसून काड्या मोडू लागली.