डाळिंबासाठी बालोतऱ्याची वाळू

मामाकडे गाडी होती आणि माझ्याकडे काम नव्हतं, म्हणून मी राजस्थानात बालोतऱ्याला गेलो. मामा इंदूरजवळच्या महूचा, नुकताच फौजेतून रिटायर झालेला. त्याच्या पलटणीतले हुकमसिंगजी आता बालोतऱ्याजवळ गावी असतात. ते म्हणाले, माझी जमीन पडीक आहे, भागीत अनार, म्हणजे डाळिंब लावू. माती बरी निघाली तर मामा शेती करणार, नाहीतर एका टाउनशिपच्या गेटवर गार्डची नोकरी. टाउनशिपवाल्यांना महिनाअखेर जवाब हवा होता.

लेबडपासून नीमचपर्यंत रस्ता मस्त चारपदरी आहे, फक्त फास्टॅग भरून निघा. पुढे चित्तोडचा किल्ला दिसला आणि मी गाडी वळवली.

"अपन माती बघायला निघालो ना, भिया?" मामा म्हणाला.

"माती कुठे पळते, मामा?"

किल्ल्यात दुपार गेली. मग उदयपूरला मुक्काम. बसस्टँडजवळ आठशेत खोली मिळते, खिडकीवाली मागून घ्या.

दुसऱ्या दिवशी पिंडवाडा, जालोर. जालोरनंतर हिरवं विरळ होत जातं, मधेच एखादं खेजडीचं झाड. ढाब्यावर बाजरीची रोटी आणि केर-सांगरीची भाजी खाल्ली. मामाने भाजीवर सेव घातली. मामीने लौंग सेवेच्या एवढ्या थैल्या दिल्या होत्या की बालोतऱ्यापर्यंत आम्ही तेच खात होतो.

हुकमसिंगजी शेतावर फावडं घेऊन उभेच होते. मामाने आपल्याकडच्यासारखी मूठभर माती दाबली. आपल्या काळ्या मातीचा लाडू होतो. इथे सगळी बोटांतून गळून गेली. मामाचा चेहरा पडला.

"उस्ताद, ये मालवा नहीं है," हुकमसिंगजी म्हणाले. "लड्डू मत बनाओ, गड्ढा खोदो."

फळझाडासाठी वरवरची माती बघून काही कळत नाही, खोल खड्डा घेऊन थराथराची वेगळी माती घ्यायची. मुळं अडतील असा कडक पांढरा थर कुठे लागला नाही. तळाशी हात घातला तर वाळू गार, किंचित ओलसर. मला तिथून हात काढावासा वाटेना. पण माती भरायला पिशव्या कोणीच आणल्या नव्हत्या. गाडीत सेवेच्या रिकाम्या थैल्या होत्या. त्या झटकल्या, भरल्या. तळाच्या मातीला थैली उरली नाही, ती मामाच्या उशीच्या अभ्र्यात.

इंदूरला प्रयोगशाळेत दिली. तिथल्या मॅडमनी फोनवर सांगितलं, वरची माती फार खारी आहे, अनार नहीं चलेगा. मामा आत जाऊन गार्डच्या वर्दीसाठी कमरेचं माप घेऊ लागला. मामी टीव्ही बघते असं दाखवत होती.

संध्याकाळी मॅडमचा पुन्हा फोन. मीच उचलला.

"नीचे की मिट्टी मीठी, ऊपर की इतनी खारी, और उसमें तेल? लाए किसमें थे?"

"सेव की थैली में."

मॅडमनी विचारलं, "लौंग वाली?"

"जी."

"भैया, आपने नमकीन टेस्ट कराया है."

हुकमसिंगजींनी धुतलेल्या कापडी पिशव्यांत नवीन माती आणि बाटलीत ट्यूबवेलचं पाणी बसने पाठवलं. तुम्ही जाल तेव्हा पाणीही तपासून घ्या, वाळवंटात खारटपणा बरेचदा तिथूनच येतो. आमचं किंचित खारं निघालं, डाळिंब सोसेल एवढं. माती हलकी, पण खारी नाही. शेणखत भरपूर लागेल, पाणी ठिबकनेच द्यायचं.

मामाने रिपोर्ट मला दोनदा वाचायला लावला. मग टाउनशिपला फोन केला, "नहीं साब, मेरा नहीं जमेगा," आणि ठेवला.

मला विचाराल तर चित्तोड धूसर झालंय, वाळूतला तो गारवा अजून हाताला आहे. मामा मात्र फोन ठेवून तिथेच दिवाणावर आडवा झाला आणि भर दुपारी घोरायला लागला. रिटायर झाल्यापासून तो दिवसा झोपलाच नव्हता. मामीने उठून टीव्हीचा आवाज बंद केला.