चंदरचे सतरा साक्षीदार

आमच्या कांदळखार गावात कुठलीही गोष्ट दोनदा घडायची. एकदा घडायची तेव्हा, आणि नंतर मी सांगायचो तेव्हा. दुसऱ्यांदा जास्त चांगली घडते, असं लोक म्हणत, आणि ते तसं म्हणेपर्यंत मी जागचा हलत नसे. शाळेत मी तिसरीच्या पुढे गेलो नाही. पण धरमतरच्या खाडीला भरती चढावी तशी माझी गोष्ट चढते, घाई न करता, आणि ऐकणाऱ्याला कळतं तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं असतं. हा माझा अभिमान होता. चंदरने त्याची कशी वाट लावली ते आता सांगतो.

चंदर आमच्या आवडाबाईचा मुलगा. बाप मिठागरात राबून गेला. चंदर मुंबईला गेला, गोदीत हमाली केली, पाठ धरली म्हणून ती सोडली आणि एका कॉलेजात शिपाई झाला. तिथे मनाचा अभ्यास करणारे एक प्रोफेसर होते. ते वेड्यांच्या इस्पितळात जाऊन रोग्यांजवळ तासन्‌तास बसत, कोर्टातल्या जबान्या वाचत, आणि खोटं न बोलताही साक्षीदार कसा चुकतो यावर कागद लिहीत. चंदर त्यांची पितळी घड्याळं पुसायचा, बॅग उचलायचा. गावात मी सांगून ठेवलं होतं की चंदर वेड्यांची डोकी उघडून आतून धुतो. लोकांना ते पटलं होतं. त्याच्या हातचं पाणी प्यायच्या आधी दोघेतिघे पेल्यात डोकावून बघत.

चौतीस सालच्या श्रावणात, अमावास्येच्या उधाणाला, आमचा खारबांध फुटला. खारं पाणी भातात शिरलं आणि पोटरीला आलेलं पीक चार दिवसांत तांबडं पडलं. उघाडीची, म्हणजे बांधातलं पाणी सोडायच्या दाराची, फळी निघालेली सापडली. त्या दिवशी उजाडताना मी पावसात बांधाकडे गेलो होतो. घोंगडीची खोळ घेतलेला एक माणूस उघाडीकडून लगबगीने जाताना मला दिसला.

एवढंच मला दिसलं. पण एवढ्याची गोष्ट होत नाही.

आठवड्याभरापूर्वी भागोजी पारावर म्हणाला होता, "गौरीच्या तिखट जेवणाला यंदा जिताडा पाहिजे." उघाडी उघडून भरती आत घेतली की खाडीतले जिताडे मासे आत येतात, हे आमच्याकडे पोरालाही माहीत. मी म्हणालो, चाल भागोजीसारखी होती. गणपतीत म्हणालो, भागोजीच होता. दसऱ्याला सोनं वाटताना म्हणालो, घोंगडीला पाठीवर लाल ठिगळ होतं. आणि भागोजीच्या घोंगडीला खरोखरच लाल लुगड्याचं ठिगळ होतं! सगळा गाव "अरे देवा" म्हणाला. त्या "अरे देवा"ची गोडी मला अजून आठवते.

भागोजीची मुलगी कमळ हिचं लग्न माघात ठरलं होतं. कार्तिकात याच गोष्टीवर गावकीची बैठक बसणार होती, आणि तिथे भागोजीला वाळीत टाकलं तर सोयरीक मोडणार, असा निरोप मुलाकडून आलाच होता. भागोजीची बायको काशी दारोदार फिरली. "ते ठिगळ तवा न्हवतंच," असं सांगायची. पण नवऱ्यासाठी बायको काहीही सांगणार, असं म्हणून लोक कोंबड्यांना दाणे टाकू लागत. माझ्याही दारात आली होती. मीही कोंबड्यांना दाणे टाकले.

दिवाळीच्या सुट्टीत चंदर आला. माझ्या ओटीवर बसून म्हणाला, "नामादादा, काय दिसलं तुला?"

मी गोष्ट सांगितली. खाडीवरचं धुकं, बगळ्यांची रांग, लाल ठिगळावरून ओघळणारं पाणी. मला वाटलं, मुंबईचा माणूस आहे, दाद देईल. तो मध्ये एक शब्द बोलला नाही. प्रोफेसर रोग्यांपुढे असेच गप्प बसतात, आणि हे गप्प बसणं शिकायला त्याला चार वर्षं लागली, असं त्याने मागून सांगितलं. गोष्ट संपल्यावर त्याने एवढंच विचारलं, "आनी पहिल्या दिवशी कोनाला सांगितलीस?"

"तुझ्या आईला. कोळंबी सोलीत होती."

"बरं," म्हणाला आणि उठून गेला. ना वाहवा, ना मान डोलावणं. मी बायकोला म्हणालो, वेड्यांत राहून याची चव गेली.

बैठकीच्या दिवशी दुपारी मारुतीच्या देवळापुढे गावकीचे सतरा जण बसलो होतो. बायका पलीकडे चाफ्याखाली. चंदर आणि शाळेचे विठोबामास्तर कडेला. गावकीचे प्रमुख धर्माजीबाबा तोंड उघडणार, एवढ्यात तुकाराम होडीवाला ओरडत अंगणात घुसला. "चंदऱ्या, माझं काय ते दे!" म्हणाला, चंदरची टोपी ओढली आणि पळाला. सगळे उठले. चंदर मात्र जाग्यावरच बसून होता.

"बसा," तो म्हणाला. "धर्माजीबाबा, घटकाभर द्या मला. एकेकानं देवळामागं यावं. विठोबामास्तर लिहून घेतील, तुकारामाच्या हातात काय होतं, आंगावर काय होतं. दुसऱ्याशी बोलायचं न्हाय."

"हा काय मुंबईचा खेळ?" बाबा गुरगुरले.

"खेळच हाय, बाबा. नऊ वर्सं कॉलेजात हाच खेळ खेळतोय. प्रोफेसर शिकवत असतात, मी आत घुसतो, कायतरी उचलून पळतो. मग पोरं लिहितात. मला दाढी लावलीय, चष्मा लावलाय, एका वर्सी बाई केलंय."

लोक हसले, आणि हसता हसता रांगेत उभे राहिले.

मी अकरावा गेलो. मास्तरांना म्हणालो, दम खाऊन लिहा, मी सावकाश सांगतो. हातात कोयता होता. नवा, नुकता पाजवलेला. उन्हात पातं असं लखलखलं की माझे डोळे दिपले. मास्तरांनी दोन वेळा टाक बुडवला.

मग चंदरने हाक मारली आणि तुकाराम पाराआडून आला. डोक्यावर चंदरची टोपी. हातात पडवळ.

"हेच होतं?" धर्माजीबाबांनी विचारलं.

"हेच, बाबा. आमची म्हातारी म्हनाली, संध्याकाळी भाजीला परत आन."

मास्तरांनी वाचून दाखवलं. नऊ जणांना काठी दिसली होती. चौघांना काहीच नाही. दोघांना वल्हं. खुद्द बाबांना साप. कोयता एकट्या मला. मास्तर वाईट माणूस. "डोळे दिपले" हे त्यांनी सावकाश, माझ्याच चालीत वाचलं. चाफ्याखालून जे हसू उठलं, ते ऐकून देवळावरची कबुतरं उडाली.

"नाम्या," आवडाबाई उभ्या राहिल्या, "अवसेच्या दिवशी माझ्या दारात आलास, तवा निस्ती काळी घोंगडी सांगितलीस. ठिगळ न्हवतं. मी इचारलं बी, कोन रं होता? तू म्हनालास, पाठमोरा व्हता, पाऊस व्हता."

"आनी ठिगळ मी गौरी गेल्यावर लावलं," काशी म्हणाली. "बांधाची खांड बुजवताना फाटली घोंगडी. ह्याच गावाचा बांध बुजवताना. किती दारांत सांगून आले मी."

कोणी हसलं नाही. त्या वेळी कोंबड्याही जवळ नव्हत्या.

भागोजी खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. बाबा माझ्याकडे वळले. "नामा, साक्षीदार तू एकटा हायस. बोल."

आता खरं सांगायचं तर मला उत्तरं सुचत होती. बायको नवऱ्यासाठी बोलणारच. म्हातारी विसरली असेल. पडवळ वेगळं, घोंगडी वेगळी. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे डोळे मिटले तर ते लाल ठिगळ मला दिसत होतं, ओलं, पाठीच्या मधोमध. मी खोटं बोललोच नव्हतो. मी चंदरकडे पाहिलं, की हा तरी काही विचारेल. तो माझ्या ओटीवर बसला होता तसाच गप्प बसून होता.

मी उभा राहिलो. "घोंगडी दिसली," मी म्हणालो. "माणूस कोन, ते दिसलं न्हाय."

आयुष्यातली माझी सगळ्यांत आखूड गोष्ट. कोणी "अरे देवा" म्हणालं नाही. बाबांनी पानाचा डबा उघडला, म्हणजे बैठक उठली. फळी कोणी काढली की उधाणाने गेली, ते आजपर्यंत कळलेलं नाही. कमळचं लग्न माघात झालं. मला आमंत्रण होतं, पण गोष्ट सांगायला नव्हतं. पाणी वाढायला होतं.

चंदरने ते सतरा कागद मुंबईला नेले. होळीला आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेब काय म्हनाले? माझं नाव काडलं का?"

"नाव न्हाय काडत, दादा. नंबर असतो. तुझा अकरा."

"मग अकराबद्दल काय लिवलं?"

तो सांगेना. भांगेचा दुसरा पेला घेतल्यावर सांगितलं, "लिवलंय, अकरावा साक्षीदार. खात्री सर्वांत जास्त. बरोबर काही न्हाय."

कॉलेजातल्या कागदात माझ्यावर एक ओळ आहे, हे मी गावात सांगितलं. ओळ कोणती ते सांगितलं नाही.

पुढच्या श्रावणात पुन्हा उधाण आलं. सगळा गाव चिखलाची ढेकळं हातोहात देत बांधावर उभा होता, आणि माझ्या शेजारी नेमका भागोजी आला. वर्षभर तो माझ्याशी बोलला नव्हता. पाऊस धो धो कोसळत होता. ढेकूळ माझ्या हातात देता देता तो म्हणाला, "नामा, माझ्या पाठीवर ठिगळ कोनचं हाय रं?"

लाल, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ढेकूळ खाली ठेवलं, त्याच्या मागे गेलो आणि पाहिलं. घोंगडी नवी होती.

"ठिगळ न्हाय," मी म्हणालो.

"व्हय," भागोजी म्हणाला. "उचल आता. पानी थांबत न्हाय."