मामांची नसलेली मोटार

मोटारीवर माझ्या बायकोच्या मामांइतकं प्रेम करणारा माणूस रत्नागिरीत झाला नाही, आणि आयुष्यात एकदाही मोटार न चालवता मोटारवाला म्हणून जगभर गाजलेला माणूस तर अख्ख्या कोकणात दुसरा नसेल. हे मी कौतुकाने लिहितो आहे, पण थोडा जळूनही लिहितो आहे. कारण ती मोटार माझी होती.

मामा कोर्टात कारकून होते. लहानपणी ताप आला त्यात डावा पाय बारीक राहिला, म्हणून क्लच दाबणं त्यांच्या नशिबात नव्हतं. बाकी सगळं होतं. घराच्या पडवीत बसून ते रस्त्यावरून जाणारी गाडी न बघता सांगत, "डॉक्टरीणबाईंची गेली. प्लग साफ करायला सांगा हो तिला." एसटीत ते ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसत आणि प्रत्येक वळणावर उजव्या पायाने ब्रेक दाबत. खेडला जाऊन आले की पोटरी दुखते म्हणून मामी तेल चोळून देत. लग्नाला गेले की आधी मांडवात नव्हे, गाड्या लावल्या असतील तिकडे जात; नवरानवरीपेक्षा वऱ्हाडाच्या गाडीची खुशाली त्यांना जास्त ठाऊक असे.

माझं लग्नही त्यांनीच जमवलं. मी तेव्हा हातगाडीएवढ्या जागेत गॅरेज चालवत होतो आणि माझ्या तोंडाची ख्याती आमच्या अख्ख्या आळीत होती. सासऱ्यांना मी पसंत नव्हतो. मामा एकदा माझ्या शेजारी टेम्पोत बसले, घाट चढून उतरून आले आणि बहिणीच्या घरी जाऊन म्हणाले, "मुलगा तोंडाने तापट आहे, पण क्लच सांभाळून सोडतो. पोरीला सांभाळील." एवढ्यावर माझं लग्न झालं. त्यामुळे पुढे जे झालं त्यात मला धड रागावताही आलं नाही.

ती काळी विलायती मोटार मी दाभोळकडच्या एका बागायतदाराच्या गोठ्यातून काढली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. तो म्हणायचा, आजोबांची आठवण आहे. मी म्हणायचो, मग आठवणीवरची विष्ठा तरी पुसा. तीन महिने मी त्याच्या अंगणात बसून घासाघीस केली, दोनदा भांडून उठलो, शेवटी तो कंटाळला. पुढची दोन वर्षं मी तिचा एकेक नट माझ्या हाताने सोडवला. मामा रोज संध्याकाळी येत, स्टुलावर बसून इंजिनाचा आवाज ऐकत आणि म्हणत, "अजून घसा बसलाय तिचा, जावईबुवा." त्यांचं बरोबर असे. मला ते आवडत नसे.

दोन हजार सहाची गोष्ट. ब्रेक तपासायला म्हणून मी मोटार आरे-वाऱ्याच्या रस्त्यावर नेली. वरच्या वळणावर थांबवून मी मोटारीखाली शिरलो आणि मामांना स्टिअरिंगवर बसवलं. ब्रेक दाबायला उजवा पाय पुरतो. मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी टोपी आणि भरघोस मिशा अशा थाटात बसले होते. मुंबईकडचा एक पर्यटक आला, त्याने फोटो काढला आणि गेला. मला त्याचे फक्त बूट दिसले. त्यालाही माझे फक्त पाय दिसले.

जुन्या मोटारींच्या शौकिनांची इंटरनेटवर एक बैठक भरते, हे मला आमच्या कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेवाल्याने सांगितलं. फोटो तिथे पोचला होता. खाली लिहिलं होतं, 'रत्नागिरीचे राजेसाहेब. चाळीस वर्षं एकच मोटार, एकच मालक.' मग चर्चा सुरू झाली. कोणी म्हणे हे जुन्या संस्थानाचे वारस, कोणी म्हणे पूर्वी शर्यतीत धावत. कोणीतरी मामांना बाजारात लंगडताना पाहिलं होतं, तर तो पायसुद्धा शर्यतीतल्या अपघातात गेला असं ठरलं. मिरकरवाड्यातल्या एका ओळखीच्या पोराने कुवेतहून फोन करून राजेसाहेबांना सलाम सांगितला. आणि माझ्या पायांबद्दल एकानेच लिहिलं होतं, 'मेकॅनिक जुना, विश्वासू दिसतो.'

"हे हो काय झालं?" मामा म्हणाले. पण कॅफेच्या काचेवर चिकटवलेल्या त्या फोटोसमोरून जाताना त्यांची चाल मंद होई, ते मी पाहिलं होतं.

हिवाळ्यात त्या बैठकीतली मंडळी सहा जुन्या मोटारी घेऊन पुण्याहून आली. पुढारी एक डॉक्टर होते. आरे-वाऱ्यापासून गणपतीपुळ्यापर्यंत मिरवणूक काढायची आणि सगळ्यांच्या पुढे राजेसाहेबांनी मोटार हाकायची, असं त्यांनी येण्याआधीच ठरवलेलं. मी सकाळीच बायकोला सांगितलं, आज सगळ्यांसमोर बोलणार, मोटार माझी आहे, हे माझे मामेसासरे आणि यांना चालवता येत नाही.

"सांगा की," ती म्हणाली. "पण मामांच्या तोंडाकडे बघून सांगा."

वळणावर मोटारी ओळीने उभ्या राहिल्या. बघायला गाव जमला. डॉक्टरांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं आणि म्हणाले, "बसा राजेसाहेब. आम्ही या क्षणासाठी आलोय." मामांनी दारावर हात ठेवला. त्यांनी एकदा क्लचकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "सांगून टाक रे बाबा" असं ती नजर म्हणत होती, आणि "नको सांगूस" असंही.

मी बायकोचं ऐकायला नको होतं. तोंडाकडे बघितलं आणि माझंच तोंड भलतं बोललं. "साहेब पुढे बसत नाहीत," मी म्हणालो. "मोटार मी चालवतो. बसा साहेब, मागे."

मामा मागे बसले. डॉक्टर खिडकीशी वाकून मला म्हणाले, "तुम्ही किती वर्षं आहात साहेबांकडे?"

"लग्न झाल्यापासून," मी म्हणालो.

चढाला लागलो तेव्हा मागून हलकेच आवाज आला, "आता दुसरा." मी दुसरा टाकला. "राहू दे तसाच... हं, तिसरा." बापाचं कधी ऐकलं नव्हतं, पण त्या दिवशी गणपतीपुळ्यापर्यंत मी त्या आवाजाचं ऐकत गेलो. आरशात मामा दिसत होते. दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्या रस्त्याकडे बघत होते, आणि डोळे पुसत नव्हते.

चार दिवसांनी त्यांनी मला कॅफेत नेलं. त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. कॅफेवाल्याला त्यांनी स्वतः मजकूर सांगितला: मोटार माझ्या जावयाची आहे, त्याने ती स्वतःच्या हाताने उभी केली, मी निवृत्त कारकून आहे, मला क्लच दाबता येत नाही. संध्याकाळपर्यंत उत्तरांचा ढीग आला. एवढा मोठा माणूस आणि केवढा हा विनय! स्वतःची मोटार ड्रायव्हरच्या नावावर सांगतो! ड्रायव्हरला जावई म्हणतो! असे मालक आता राहिले नाहीत!

मी टेबलावर मूठ आपटली. मामा मात्र इतके हसले की ठसका लागून कॅफेवाल्याला पाणी आणावं लागलं. "जावईबुवा," ते म्हणाले, "मी खरं सांगितलं हो. आता मला काही बोलू नका."

मामा गेले त्याला दोन वर्षं झाली. आता माझ्या जुन्या गाड्या विकण्याच्या दुकानात स्वतःचा संगणक आहे. मोटारही आहे, विकत घ्यायला चौघे येऊन गेले, चौघांना मी इतकं ताणलं की ते चिडून गेले. त्या मंडळींना मी काही कळवलेलं नाही. डॉक्टर अजून महिन्या दोन महिन्यांनी विचारतात, साहेबांची तब्येत कशी आहे?

गाड्या विकताना मी याहून मोठं खोटं बोललो आहे, तरी या उत्तराला मला वेळ लागतो. मी एका बोटाने एकेक अक्षर शोधतो आणि लिहितो, 'साहेब बरे आहेत. कालच फिरवून आणलं.'