मुदत नसलेला शर्ट

मला दमवणारी माणसं आयुष्यात पुष्कळ भेटली, पण माझ्या बायकोच्या मामेभावाने दमवलं तितकं कुणीच दमवलं नाही, आणि तेही एका जागी धड दहा मिनिटं न बसता. नोकरीपायी मी साताऱ्याहून म्हैसूरला आलो, इथल्याच जुन्या मराठी शिंप्यांच्या घरात लग्न केलं आणि आहेरात हा माणूस पदरात पडला. तो म्हैसुरातच बोगादीला राहतो, मला 'दाजी' म्हणतो, आणि कुणाचीही वाट बघत नाही. सुरुवातीला मला याचं कौतुक वाटलं होतं. आता त्याच्या स्कूटरचा आवाज आला की मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतो, आणि तो माझ्या उठण्याचीही वाट बघत नाही.

त्याचं काम थोडं सांगावं लागेल, नाहीतर तो कळायचा नाही. एरवी आपला ब्राउझर सर्व्हरला काही विचारतो, सर्व्हर उत्तर देतो आणि फोन ठेवावा तसा दोघांचा संबंध संपतो. पण वेबसॉकेट नावाची दुसरी एक रीत आहे. तिच्यात लाइन उघडीच राहते आणि दोन्ही बाजू वाटेल तेव्हा बोलू शकतात. अशा हजारो लाइनी एकाच प्रोग्रामला सांभाळता याव्यात, एकीकडून उत्तर आलं नाही म्हणून बाकीच्यांचा खोळंबा होऊ नये, यासाठी या गृहस्थाने एक लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रामात जोडता येईल असा तयार कोड, लिहिली आहे. ती फुकट आहे, जगभर वापरली जाते, आणि तिचा कर्ता-करविता हा एकटाच. दिवसभर इथल्याच हेब्बाळच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका कंपनीत राबतो आणि उरलेल्या वेळात परदेशातल्या, तोंडही न पाहिलेल्या माणसांच्या तक्रारी निस्तरतो. "काय घाई असते यांना दाजी! जसा काय मी यांचाच पगार खातो," असं म्हणतो, डोळे चोळतो आणि पुन्हा उत्तर लिहायला लागतो.

लायब्ररीने त्याला बिघडवलं की त्याच्यासारख्याच माणसाला असली लायब्ररी सुचते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. उत्तर येईपर्यंत हात बांधून बसणं हे त्याच्या लेखी पाप. एकदा दाढी करताना न्हाव्याला फोन आला, तर हा गालाला फेस आणि गळ्यात टॉवेल घेऊन खाली उतरला आणि कोपऱ्यावर भेंडी निवडायला लागला. भाजीवालीने दुसरंच गिऱ्हाईक बघितलं. मी म्हटलं, "अरे, लोक बघतायत." तर म्हणाला, "तो थांबला म्हणून मी सुम्ने कशाला बसू दाजी, उगीच हात बांधून? मला भेंडी पण पाहिजेच होती, अल्वा?" 'नाही का'ला इथे 'अल्वा' म्हणतात. बोलण्याचंही तेच. आमच्या गीझरला काय झालं असेल असं मी त्याला विचारलं, तर तो काही न बोलता उठून गेला. मग एका मुंजीत, मंगलाष्टकं चालू असताना, माझ्या कानाशी लागून म्हणाला, "कॉइल गेली असेल." तोवर आमच्या न्हाणीघरात नवा गीझर बसला होता आणि गरम पाण्याच्या बादल्या उचलून धरलेली माझी पाठ सुटलीही होती.

कधी वाट बघावीच लागली, तर तो आधी मुदत घालतो. "मुदत नसली की प्रोग्राम लटकतो. माणूस पण," हे त्याचं वेदवाक्य. डोसा इतक्या मिनिटांत आला नाही की तो उठलाच. आमच्या मुलीच्या बारशात फोटोवाल्याचं दिव्यांशी जुळेना. सगळे दात काढून ताटकळलो होतो, आणि याची मुदत संपली. त्या फोटोत आमच्या सबंध खानदानाच्या मधोमध एक रिकामी खुर्ची आहे, आणि पाहुणे आदराने विचारतात की हे कोण वारले.

पण सगळ्यात ताप त्याच्या निरोप घेण्याचा. "जातो" म्हणू नये हे आपल्याकडेही आहे. इथे "जाऊन येतो" म्हणतात आणि घरच्यांनी "जाऊन ये" म्हणायचं असतं. हा ते वदवून घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. मान हलवलेली चालत नाही. एके सकाळी मी दात घासत होतो. हा दारात उभा. "जाऊन येतो दाजी." मी मान हलवली. हा उभाच. मी हात हलवला. तरी उभाच. शेवटी तोंडातला सगळा फेस गिळून मी "जाऊन ये बाबा" म्हणालो, तेव्हा गेला. त्याच्या प्रोटोकॉलमध्येही असंच आहे म्हणे. एकाने लाइन बंद करतो म्हणायचं, दुसऱ्याने बरं म्हणायचं, तेव्हाच ती नीट बंद झाली. मी समजत होतो, हे खूळ तिथलंच.

बायकोने सांगितलं ते वेगळंच होतं. तिचे मामा, म्हणजे याचे वडील, हॉस्पिटलात होते तेव्हा याच्या थोरल्या भावाने, अण्णाने, याला फोन केला; मामांना याच्याशी बोलायचं होतं. लायब्ररीची नवी आवृत्ती बाहेर पडत होती आणि कुणाचं तरी काहीतरी कोसळलं होतं. "दोन मिनिटं अण्णा," म्हणून याने फोन ठेवला. परत केला तेव्हा मामा गेले होते. "जगाला उत्तर देतोस, बापाला दिलं नाहीस," एवढं बोलून अण्णाने जे तोंड बंद केलं ते केलंच.

अण्णाचं लष्कर मोहल्ल्यात टेलरिंगचं दुकान आहे. घरादाराचे दसऱ्याचे कपडे तोच शिवायचा. अजूनही दरवर्षी दसऱ्याआधी हा एक शर्टपीस नेऊन काउंटरवर ठेवतो, "अण्णा, दसऱ्याला शर्ट," म्हणतो आणि निघून येतो. अण्णा वर बघत नाही. कापड फळीवर जातं. शर्ट येत नाही. आणि हा तयार शर्ट अंगाला लावत नाही, दुसऱ्या शिंप्याकडे जात नाही. अण्णाने पूर्वी शिवलेले शर्टच घालतो, कॉलरच्या दशा लोंबल्या तरी. मी एकदा न राहवून विचारलं, "याला मुदत नाही का रे?" तो उठून गेला. महिन्याभराने सिग्नलला स्कूटर उभी असताना मागे वळून म्हणाला, "ह्याला नाही घातली दाजी."

यंदा दसऱ्याला बायको अण्णाच्या दुकानात ब्लाउज आणायला गेली, तर अण्णाने कागदात गुंडाळलेला एक शर्ट तिच्या हातात कोंबला. "त्याला दे." इतकंच. हा आमच्याकडे धावत आला, तिथेच शर्ट चढवला, आणि पोटावर बटण काही काजापर्यंत पोचेना. माप जुनंच, भांडणाआधीचं. मला हसू फुटलं. तो गंभीरपणे म्हणाला, "उत्तर जुनं आहे. पण आलं, अल्वा?" बायकोने शर्ट उलटा करून बाजूच्या शिवणी बघितल्या. शिंप्यांच्या घरची मुलगी ती. दोन्हीकडे बोट-बोटभर कापड आत सोडलेलं होतं. "शर्टाला एवढं कुणी सोडत नाही," ती म्हणाली. "उसवून सैल करायला ये, असं सांगणं आहे हे."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन तो दुकानात गेला. आधीची गिऱ्हाइकं होती. तो बाकावर बसला. मी त्याची मुदत संपायची वाट बघत होतो, पण तो हललाच नाही. खिशात फोन सारखा थरथरत होता, सगळं जग तक्रार करत होतं, आणि याने तो बाहेरही काढला नाही. शेवटी अण्णाने टेप उचलली. "हात वर कर." पोटाशी टेप धरून तो थबकला. "हे कधी आलं?"

"गोत्तिल्ला अण्णा," हा म्हणाला. "कळलंच नाही."

माप झालं. दारात हा वळला. "जाऊन येतो अण्णा." अण्णाच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याने मान हलवली. आता हा इथेच मुक्काम करणार, म्हणून मी थकून पुन्हा बाकावर टेकलो. पण हा मुकाट्याने पायऱ्या उतरला.

"मान हलवलेली चालली?" मी स्कूटरवर बसता बसता विचारलं. अर्थात उत्तर आलं नाही.

ते आलं काही दिवसांनी, मी दात घासत असताना, फोनवर. "तोंडात टाचण्या होत्या ना दाजी. बोलला असता तर टोचल्या असत्या."

माझ्या तोंडातल्या फेसाचा त्याने असा विचार कधी केला नव्हता. मी चूळ भरली आणि फोनवर 'बरं' म्हणालो.