टाळी नको असलेला जनरल

‘जनरल गेले’ एवढाच निरोप आला, आणि खाली जोडलेल्या हातांची ओळभर चित्रं. मी करी रोडच्या आमच्या टॉवरमध्ये लिफ्टची वाट पाहत उभा होतो. माझा चेहरा पाहून शेजारच्या बाईंनी विचारलं, “काय झालं हो? मिलिटरीतले होते का कुणी?” मी म्हटलं, “नाही, बँकेत होते.” त्या गोंधळल्या आणि मला तशातही हसू आलं. हे अरविंदला सांगायला हवं, असं मनात आलं... आणि मग लक्षात आलं, की आता सांगायचं कुणाला.

अरविंद गिरगावातला. चाळीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, फोर्टातल्या बँकेत कारकुनी आणि स्वभाव इतका मवाळ, की बसमध्ये दुसऱ्याने याच्या पायावर पाय दिला तरी ‘सॉरी’ हाच म्हणायचा. हा माणूस आमच्या लालबागच्या हौशी नाट्यमंडळात तरुणपणापासून परवापरवापर्यंत लष्कराचा जनरल झाला. नाटक राजकीय थराराचं. एक जनरल सरकार उलथवायचा कट रचतो, रेडिओ केंद्र ताब्यात घेतो, पंतप्रधानांना त्यांच्याच कचेरीत अटक करतो आणि शेवटी एक साधा हवालदार गोळी झाडायला नकार देतो म्हणून त्याचा डाव उधळला जातो. देश कुठला, ते लेखकाने शहाणपणाने सांगितलं नव्हतं. जनरलचं काम खरं तर दुसऱ्याच एकाचं होतं, पण त्याला ऐन तालमीत कावीळ झाली आणि अरविंदचा आवाज खर्जातला, उंची बरी, म्हणून गणवेश याच्या अंगावर चढला. पंतप्रधान मी. म्हणजे प्रत्येक प्रयोगात या सज्जन माणसाने मला कॉलरला धरून खुर्चीतून उठवायचं, आणि पडदा पडल्यावर विंगेत विचारायचं, “सुध्या, लागलं नाही ना रे?”

दुसऱ्या अंकाच्या शेवटी जनरल माझ्या खुर्चीत बसतो आणि रेडिओवरून देशाला सांगतो, “नागरिकहो, आजपासून भाषणं बंद. आता फक्त हुकूम.” या वाक्यावर पहिल्याच प्रयोगात टाळ्यांचा कडकडाट झाला. शिट्ट्यासुद्धा. आम्ही सगळे खूश. हौशी नाटकाला अशी दाद म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. एकटा अरविंद नाही. परळच्या शिंप्याने शिवलेली जनरलची लाल पट्टीची टोपी त्याने डोक्यावरून काढली, मेकअपच्या टेबलावर उलटी ठेवली आणि तिच्यात चष्मा, पास, सुपारीची डबी असं सगळं टाकलं. पुढे ही त्याची सवयच झाली. विंगेत आला की आधी टोपी उलटी. पाणीसुद्धा त्यानंतर.

“लोकांनी घाबरायला हवं होतं रे तिथे,” तो म्हणाला. “टाळ्या कसल्या वाजवतात?”

मी त्याला वेड्यात काढलं. टाळी मिळाली म्हणून रडणारा नट मी तरी दुसरा पाहिला नाही. पण त्याने ते मनाला लावून घेतलं. पुढच्या प्रयोगात वाक्य अगदी हळू म्हटलं, टाळी आलीच. एकदा प्रेक्षकांकडे पाठ करून म्हटलं, एकदा हसत हसत, एकदा इतकं दुष्टपणे की पहिल्या रांगेतलं तान्हं पोर रडायला लागलं... तरी टाळी आलीच. तिसऱ्या अंकात त्याचा कट फसायचा, हवालदार बंदूक खाली ठेवायचा, मी सुटायचो. पण घरी जाताना लोकांच्या तोंडी तेच वाक्य असायचं. चाळीच्या गॅलरीत तर लोक त्याला थांबवून सांगत, “अरविंदराव, एकदा खरंच मिलिटरी आली पाहिजे हो. चार वर्षं. सगळे सुतासारखे सरळ होतील.” हा नुसता हसायचा आणि घरात येऊन बायकोवर, नीलावहिनींवर, वैतागायचा. त्या म्हणायच्या, “इथे कशाला हुकूम सोडता? आधी लसूण सोला.”

मधली बरीच वर्षं नाटक बंद होतं. आम्ही निवृत्त झालो, केस गेले, मंडळात नवी मुलं आली आणि त्यांनीच हट्टाने नाटक पुन्हा उभं केलं. जुने दोघे आम्हीच. पहिल्या प्रयोगात टाळ्या आल्या, त्या पूर्वीच्या दुप्पट. त्यात कुणीतरी मोबाइलवर ते भाषण टिपलं. मागचंपुढचं सगळं कापून तेवढंच फिरलं, वर लिहिलेलं, ‘असा माणूस हवा.’ मलाच ते तीन ठिकाणांहून आलं. त्यातल्या एका गृहस्थांना मी कळवलं, की अहो, हा खलनायक आहे. त्यांनी उत्तरादाखल अंगठा पाठवला.

त्या आठवड्यात अरविंद माझ्याकडे आला. चहा निवला तरी बोलेना. मी म्हटलं, “अरे, लोक मूर्ख असतात. सोड ना.”

“लोकांचं नाही रे,” तो म्हणाला. “माझंच. ते वाक्य जवळ आलं ना, की मी टाळीची वाट बघतो. आत कुठेतरी बरं वाटतं. घरी नळाला पाणी कमी आलं तर वॉचमनला चार शब्द बोलायची माझी छाती नाही, आणि तिथे हजार माणसं... मला आवडतं ते, सुध्या. नको म्हणतो आणि आवडतं. भीती त्याचीच वाटते.”

मग उठता उठता तो म्हणाला, पुढचा प्रयोग शेवटचा, आणि या वेळी टाळी पडू द्यायची नाही.

तो प्रयोग दादरला होता. मला खुर्चीतून उठवून, बेड्या घालून एका कोपऱ्यात उभं केलेलं, त्यामुळे सगळं जवळून पाहायला मिळालं. त्याने वाक्य म्हटलं. टाळ्या आल्या. एरवी इथे पडदा पडतो, पण अरविंदने विंगेकडे पाहून हात वर केला आणि पडदा थांबला. मग प्रेक्षकांना म्हणाला, “बंद.” टाळ्या थांबल्या. “वाजवा.” लोक हसत हसत पुन्हा वाजवू लागले. “बंद.” थांबल्या. “वाजवा.” आता हसू कमी झालं होतं. पहिल्या रांगेत एक वयस्कर गृहस्थ हात मांडीवर ठेवून बसले होते. जनरल खुर्चीतून उठला, रंगमंचाच्या कडेपर्यंत आला. “तुम्ही का नाही वाजवली?” गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. “नाव काय आपलं?” ते बिचारे अर्धवट उठले आणि खरंच नाव सांगितलं. जनरल मागे न बघता हवालदाराला म्हणाला, “लिहून घ्या.” मग शांतपणे खुर्चीत जाऊन बसला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. “आजपासून भाषणं बंद. आता फक्त हुकूम.”

सगळं नाट्यगृह चिडीचूप. इतक्या वर्षांत मी त्या पंतप्रधानाच्या भूमिकेत पहिल्यांदा खरोखर घाबरलो.

मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेतही फारसं कुणी बोलत नव्हतं. टोपी उलटी ठेवून, तसाच गणवेशात, अरविंद धावत त्या रांगेत गेला आणि त्या गृहस्थांचे हात धरून म्हणाला, “काका, माफ करा हं. नाटक होतं. फार वाईट वाटलं मला.” ते म्हणाले, “कळत होतं हो. पण खोटं नाव सांगावं का, असं मनात येऊन गेलं.” अरविंदने त्यांना वडा खाऊ घातला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा एखादं जुनं दुखणं गेल्यासारखा झाला होता. तो प्रयोग संपल्यावर तो पुन्हा कधी रंगमंचावर उभा राहिला नाही. काही महिन्यांनी दुपारी झोपला, तो उठला नाही.

गेल्या रविवारी गिरगावात नीलावहिनींकडे गेलो. मंडळातल्या मुलांना नाटक पुढे करायचंय, त्यांनी टोपी मागितली होती. वहिनी म्हणाल्या, “थांबा हं भावजी, रिकामी करते,” आणि ओट्याखालून टोपी काढली. उलटी, आत लसूण. शेवटच्या प्रयोगानंतर त्यानेच ती तिथे ठेवली होती म्हणे. त्यांनी लसूण ताटात ओतला, टोपी झटकली आणि मला दिली.

वहिनी चहाकडे वळल्या तेव्हा मी ती घालून पाहिली. सगळा जन्म या टोपीने मला अटक केली होती, एकदा घालायला काय हरकत आहे? कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो. पाठ आपोआप ताठ झाली, हनुवटी वर गेली. मी चांगला दिसत होतो. बराच वेळ बघत राहिलो. मागून वहिनींनी हसून टाळ्या वाजवल्या, “अगदी शोभताय हो!” आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं... तेव्हा मला अरविंदचा तो निवलेला चहा आठवला.

टोपी काढली, उलटी करून ओट्यावर ठेवली. म्हटलं, “वहिनी, मुलांना मी नवी शिवून देतो.” आणि ताटातला लसूण पुन्हा तिच्यात भरला.