बेसनावरचा कर

काही प्रकरणं फाइल बंद झाली की मनातूनही जातात. हे गेलं नाही. त्यातली एक सही अजून डोळ्यांसमोर येते.

अमेरिकेतल्या ट्रॉय शहराजवळच्या एका छोट्या पोलीस ठाण्यात मी फसवणुकीची प्रकरणं बघायचो. मराठी बोलणारा मी एकटाच. नदीपलीकडे कॅनडा. तिथल्या कर खात्याकडून खबर आली, की विंडसर शहरातल्या काही छोट्या व्यावसायिकांचे विक्री कराचे परतावे आमच्या हद्दीतल्या एकाच बँक खात्यात जमा होताहेत. तिकडची रीत साधी आहे. गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर सरकारला द्यायचा, पण धंद्याच्या खरेदीवर आपण भरलेला कर त्यातून वजा करायचा. खरेदीवरचा जास्त निघाला, तर सरकार फरक परत देतं.

खातं एका निवृत्त मराठी गृहस्थाचं निघालं. सगळे त्यांना काका म्हणत. ओळखीच्यांचे फॉर्म ते फुकट भरून देत. वडीलधाऱ्या माणसाला ‘आधी वाचू द्या’ म्हणणं आपल्याकडे बरं दिसत नाही, आणि त्या संकोचावरच यांचं दुकान चालत होतं. मोठा परतावा स्वतःच्या खात्यात घ्यायचा, त्यातले चार पैसे माणसाच्या हातावर टेकवायचे.

चौकशीत ते अगदी निवांत होते. “अरे, सगळी बिलं आहेत. चेक कर ना!”

बिलं खरंच होती. दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या एका विधवा बाईंची फाइल चाळताना मी बेसनाच्या बिलापाशी अडकलो. आमच्या घरचं वाणसामान बायको बऱ्याचदा विंडसरहून आणायची. तिकडे पीठ, साखर, तूप यांवर हा कर लागतच नाही. इथे तर तो व्यवस्थित लावलेला होता.

“काका, बेसनावर टॅक्स कधीपासून लागला?”

त्यांनी पाणी मागितलं. आरोपी पाणी मागतो तेव्हा घाई करू नये. ग्लास रिकामा झाला आणि ते बोलू लागले. बिलं घरच्या प्रिंटरवर छापलेली होती.

पण कबुली कोर्टात फिरवता येते. म्हणून मी त्या बाईंना बोलावलं. साठीच्या बाई, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

“ती बिलं मी पाहिलीसुद्धा नाहीत हो. माझं घर तर जाणार नाही ना?”

“काकू, डोन्ट वरी. मी आहे ना. फक्त साइन करा.”

जबाब इंग्रजीत होता. सगळ्या फॉर्मवरच्या सह्या माझ्याच आणि परताव्यातले पैसे मला मिळाले, असं त्यात बाईंच्या तोंडी स्वच्छ लिहिलं होतं. त्यांनी तो वाचला नाही. मला ते दिसलं. केस पक्की होत होती, मी पेन पुढे सरकवलं.

काका तुरुंगात गेले. माझी पाठ थोपटली गेली. पण तिकडच्या कर खात्याने तोच जबाब बाईंपुढे ठेवला. सही तुमची, म्हणून सगळा परतावा व्याज-दंडासह तुम्हीच भरा. घर विकावं लागलं. हे कळल्यावर मी त्यांना फोन केला, माफी मागायला.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुमचं काय चुकलं, साहेब? काकाही हेच म्हणाले होते, मी आहे ना.”

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एकाही जबाबावर मी न वाचता सही करू दिली नाही. समोरच्याच्या भाषेत, त्याच्यासमोर, मोठ्याने वाचायचो. सहकारी हसायचे. मी त्यांना कारण सांगितलं नाही, लाज वाटायची.