वीतभर जाळीकडे

आमच्या अमडापुरात व्हॉलीबॉलचा विषय निघाला की लोक अजून सांगतात, शूटर म्हातारा झाला म्हणून टीम बुडाली. हे खोटं आहे. त्याला मी बुडवलं.

महाराष्ट्र राज्य नवीन होतं तेव्हाची ही गोष्ट. लागोपाठ दोन हंगाम आम्ही पहिल्याच सामन्यात हरून परतलो होतो. आमचा शूटर, म्हणजे जाळीवरून फटका मारणारा, चाळिशीला टेकलेला. वांग्याला पाणी देऊन चिखलाच्या पायांनी मैदानावर यायचा. त्याला बाहेर बसवावं असं पोरांना वाटायचं. पण मारुतीच्या पारावर बैठक झाली आणि जाणत्यांनी ठरवलं, टीम त्याच्याभोवतीच पुन्हा उभी करायची. बाकीच्यांनी बॉल अडवायचा, मी जाळीजवळ उचलून द्यायचा, त्यानं मारायचा.

मला ते झोंबलं. मारायची जागा मला हवी होती. आमची शेती मोठी, आणि हा दोन एकरांचा माणूस सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडायचा, "वर दे बे, वर! भाकर थापून राह्यला काय?"

दुसरबीडच्या सामन्यांआधी त्यानं मला बाजूला घेतलं. "माह्यी उडी आता पह्यल्यासारखी नाही राह्यली. जाळीले चिकटलेला बॉल मले मारता येत नाही. हातभर लांब दे, मंग पाह्य. अन् कोणाले सांगू नको."

पहिला डाव मी तसाच बॉल दिला. त्यानं एकही वाया घालवला नाही. "बुढ्यात दम हाय!" असा ओरडा झाला आणि माझं डोकं फिरलं. दुसऱ्या डावापासून मी प्रत्येक बॉल वीतभर जाळीकडे देऊ लागलो. बाहेरून ते कोणाला दिसणं शक्य नव्हतं. त्याचे फटके एकामागून एक जाळीत गेले.

"ओ बुढेबुवा, घरी जा, वांगे तोडा!" कोणीतरी ओरडलं. मीही हसलो.

तो माझ्याजवळ आला. "काऊन करून राह्यला बे हे?"

मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "तुमच्यानं उडणं होत नाही भाऊ, मले काऊन बोलता?"

आम्ही हरलो. गावी पुन्हा पारावर बैठक बसली. जाणत्यांनी मला एकच विचारलं, "बॉल बरोबर होते काय?"

"हाव. बरोबर होते."

तो समोरच बसला होता. तो तिथून उठला आणि पुन्हा कधी मैदानावर आला नाही. मारायची जागा मला मिळाली. पुढच्या हंगामात आम्ही पहिलाच सामना हरलो आणि टीम मोडली.

काही वर्षांनी बाजारात त्याच्या वांग्यांच्या ढिगापुढे मी पिशवी धरली.

"तुले नाही देत," तो म्हणाला.

"काऊन?"

"बॉल बरोबर होते म्हणून पारावर तूच सांगितलं ना? तसेच होते काय, ते पारावर जाऊन सांग. मंग ने वांगे, फुकट ने."

मागे गिऱ्हाइकं उभी होती. मी पिशवी गुंडाळली. पार तिथून शंभर पावलांवर होता. मी दुसऱ्या रस्त्यानं घरी गेलो.

पुढे तो वारला. त्या बैठकीतलंही आता कोणी उरलेलं नाही, म्हणून हे कागदावर सांगतो आहे. बॉल बरोबर नव्हते.